पाचशेबारा

नोव्हेंबर. साडेतीनलाच अंधार.
टाम्पेरेच्या धबधब्याकाठी बंद पडलेली कापडगिरणी,
तिच्या तळघरात माझा स्टुडिओ.
वरच्या मजल्यावर आई माग चालवायची.
शेवटी शेवटी तिला उजव्या कानाने काहीच ऐकू यायचं नाही,
आम्ही डावीकडे बसून जेवायचो.

कोपऱ्यात चोवीस ट्रॅकची पेटी,
कमरेइतकी उंच, चौघांशिवाय हलायची नाही.
तिच्या पोटातल्या चिपांना दोनच गोष्टी येतात:
गुणाकार आणि बेरीज.
पत्र लिहिता येत नाही, पत्ते खेळता येत नाहीत,
आज वार कोणता, तेही ठाऊक नाही.
पण आवाज आत गेला की त्याच पावली बाहेर.
इतक्या वर्षांत एकदाही ती मला
थांब जरा, म्हणाली नाही.

ओत्सो कॉम्प्युटर घेऊन आला.
दोन प्रोसेसरचा, स्वतः जोडलेला, ब्लँकेटात गुंडाळलेला.
बुटांचा बर्फ फरशीवर वितळत असतानाच सांगू लागला:
ट्रॅक हवे तेवढे. चुकलं तर मागे जा, पुन्हा चुका.
तुझ्या पेटीच्या एका कार्डाच्या पैशांत हा अख्खा येतो.
खरं होतं. दुरुस्तीची बिलं ड्रॉवरमध्ये होती.

पहिल्याच दिवशी, अकॉर्डियन वर चढत असताना,
टक्.
माशी काचेवर आपटावी तसा.
प्रोसेसरला मध्येच काहीतरी आठवलं होतं,
घड्याळ बघायचं, डिस्क चाळायची,
दाराशी कुणी आलंय का ते पाहायचं.
एक ना धड भाराभर चिंध्या, मी म्हटलं.
कापडगिरणीत हे म्हणायचा मला हक्क आहे.

ओत्सो हसला नाही. बफर वाढवत गेला,
चौसष्ट, एकशे अठ्ठावीस,
पाचशेबाराला टकटक थांबली.
आता आवाज हेडफोनमध्ये उशिरा पोचत होता,
पापणी लवायच्या आत, पण उशिरा.
"गाणाऱ्याला कळत नाही एवढं."
गाणाऱ्यालाच कळतं.

राइली कोस्किमाकी, वय बहात्तर,
तळ्याकाठच्या नाचघरांतून आयुष्यभर टँगो गायलेली,
दोन ओळी गाऊन थांबली.
हेडफोन काढून मागच्या भिंतीकडे बघत राहिली.
"माझ्या मागून कुणीतरी गातंय."

ओत्सो मान खाली घालून केबली चाचपू लागला.
मी पेटी सुरू करायला उठले, जरा आनंदानेच उठले.
"राहू दे," ती म्हणाली. "आउने अशीच यायची.
केसभर मागे.
चाळीस वर्षं मी तिला त्यावरून बोलत आले."

मग ती अख्खं गाणं गायली, एका दमात.
पेटीचे चोवीसही काटे शून्यावर.

दोन हिवाळे गेले.
पेटी ओउलूकडच्या एका चर्चने नेली,
फरशीवर तिच्या जागी फिकट चौकोन उरलाय,
मी अजून त्याला वळसा घालून जाते.
ओत्सोने नवा प्रोसेसर बसवला.
बफर बत्तीस, टक् नाही, उशीर नाही,
तारेतून जावा तितका सरळ आवाज.
मी हरले होते, आणि ऐकायला छान वाटत होतं.

राइली काठी टेकत आली.
हेडफोन चढवले. एकच ओळ.
मग काचेपलीकडून आमच्याकडे पाहिलं.
"आज ती आली नाही?"

ओत्सोने माझ्याकडे बघितलं नाही.
पडद्याकडे वळला, आणि तो वेगाचा वेडा
आपल्या पोरासारख्या मशीनला
हळू चालायला लावू लागला.
चौसष्ट. दोनशेछप्पन्न. पाचशेबारा.

"आणखी थोडं," राइली म्हणाली.
"पहिल्या ओळीला ती नेहमी जास्तच उशीर करायची."